स्तन काढल्यानंतरचा न विचारलेला प्रश्न

स्तनाच्या कर्करोगात संपूर्ण स्तन काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला मॅस्टेक्टॉमी किंवा स्तनोच्छेदन म्हणतात, आणि त्यानंतर रुग्णाच्याच शरीरातील त्वचा, चरबी व स्नायू वापरून किंवा सिलिकॉनचे रोपण बसवून छातीला पुन्हा आकार देण्याच्या शस्त्रक्रियेला स्तनपुनर्रचना. यांतली पहिली शस्त्रक्रिया महाराष्ट्रात आज शासकीय रुग्णालयात, शिधापत्रिका दाखवून, विनामूल्य होऊ शकते. दुसरी मोठ्या शहरांतील मोजक्या केंद्रांपलीकडे विरळाच होते, आणि अशी काही शस्त्रक्रिया असते हेच ग्रामीण भागातील बहुसंख्य स्त्रियांच्या कानांवर आलेले नसते. ही तफावत पैशामुळे आहे असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि ते खोटे नाही. परंतु पैशाचा प्रश्न जेथे सुरू होतो त्याच्या बराच आधी, बाह्यरुग्ण विभागातल्या पाच-दहा मिनिटांच्या भेटीतच संधी हातची गेलेली असते, कारण ‘हे करून घ्यायचे आहे का’ असे त्या स्त्रीला कोणी विचारलेलेच नसते.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया या आजाराने दगावल्या. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे, आणि पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत तो येथे सरासरीने सुमारे दहा वर्षे आधी, पंचेचाळीस-पन्नाशीच्या आसपास गाठतो. मृत्यूंचा आकडा पाहता आधी जीव वाचवावा, आकाराचे मग पाहावे, असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि उपचारांचा तो क्रम चुकीचाही नाही. मात्र पंचेचाळिशीत बरी झालेली स्त्री पुढे पंचवीस-तीस वर्षे जगते, शेतात जाते, लेकीसुनांची बाळंतपणे करते, चारचौघींत बसते-उठते; एवढी वर्षे ती ज्या शरीराने काढणार आहे त्या शरीराविषयी तिचे मत घेणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

हे कसे घडते ते पाहण्यासाठी एक गाव घेऊ. अजिंठा हे लेण्यांमुळे जगाच्या नकाशावर गेलेले गाव प्रत्यक्षात सिल्लोड तालुक्यातले, कापूस, मका आणि मिरचीवर जगणारे बाजाराचे गाव आहे. लेणी त्याच्यापासून घाट उतरून दहा-बारा किलोमीटरवर, फर्दापूरजवळ आहेत. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, सिल्लोडला उपजिल्हा रुग्णालय आहे. परंतु गाठ कर्करोगाची आहे की नाही हे ठरवायचे आणि पुढचे उपचार घ्यायचे, तर जळगाव रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरवरचे छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. तेथे १९५६ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, ज्याला सारा मराठवाडा ‘घाटी’ या एकाच नावाने ओळखतो, आणि त्याच्याशी संलग्न असे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून चालू आहे, ज्याला पुढे राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. ते होण्यापूर्वी या भागातल्या गरीब रुग्णाला बहुधा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाची वाट धरावी लागे, हे लक्षात घेतले म्हणजे गेल्या दशकात अंतर किती कमी झाले हे कळते. एसटीच्या तिकिटात मार्च २०२३ पासून महिलांना निम्मी सवलत मिळते, त्यामुळे भाडेही हलके झाले आहे. तिकिटाच्या हिशेबात न येणारा खर्च मात्र तसाच राहतो: कापसाच्या वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे दवाखान्यात गेलेला प्रत्येक दिवस हा बुडालेल्या किलोंचा दिवस असतो, आणि बाईबरोबर जो सोबतीला जातो त्याचाही.

अशा स्त्रीने गाठ दाखवायला उशीर केला, तर त्याची कारणे केवळ अज्ञानात शोधणे अन्यायाचे होईल. ती ‘छातीत गाठ आहे’ एवढेच म्हणते, तेही बहुधा प्रथम जावेला किंवा बहिणीला; गाठ दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी वेचणी सोडून जाणे घरात कोणाला पटत नाही. या उशिराची किंमत पुढे दोनदा मोजावी लागते. आजार वाढलेला असल्याने जिवाचा धोका वाढतो, ही पहिली. आणि वाढलेल्या आजारात स्तन राखण्याचे किंवा पुन्हा घडवण्याचे मार्ग एकेक करून बंद होत जातात, ही दुसरी, जिच्याविषयी सहसा बोलले जात नाही.

पुनर्रचनेचा विचार करण्यापूर्वी एका मूलभूत गोष्टीकडे वळावे लागते, ती म्हणजे प्रत्येक स्तन काढावा लागतोच असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढून टाकल्या जात, आणि जितके अधिक काढावे तितका रुग्ण सुरक्षित, हा समज पुढची सत्तर-पंच्याहत्तर वर्षे टिकला. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उम्बेर्तो वेरोनेसी यांनी स्वतंत्रपणे चाचण्या घेऊन तो समज तपासला. २००२ साली दोन्ही चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि लहान गाठ असलेल्या ज्या स्त्रियांची केवळ गाठ काढून उरलेल्या स्तनाला किरणोपचार दिले होते त्या संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच जगल्या, हे सिद्ध झाले. या पद्धतीला स्तनरक्षक शस्त्रक्रिया म्हणतात, आणि तिची अट तिच्या वर्णनातच आहे: किरणोपचार झालेच पाहिजेत.

किरणोपचार, ज्याला रुग्ण साध्या बोलीत ‘शेक’ म्हणतात, पूर्वीच्या पद्धतीने आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे पाच आठवडे, म्हणजे पंचवीस वेळा घ्यावे लागत. एका शेकाला यंत्राखाली काही मिनिटेच लागतात, पण त्या काही मिनिटांसाठी अजिंठ्याहून रोज जाऊन येणे म्हणजे २०० किलोमीटर, आणि शहरात राहायचे तर महिना-सव्वा महिना कोणाच्या तरी घरी किंवा धर्मशाळेत. अशा वेळी ‘सगळेच काढून टाका, म्हणजे पुन्हा यायला नको’ हा निर्णय घरचे घेतात, बाई त्याला मान डोलावते आणि शल्यचिकित्सकालाही तो व्यवहार्य वाटतो, कारण अर्धवट राहिलेले किरणोपचार हे स्तन काढण्याहून अधिक घातक आहेत हे त्याला ठाऊक असते. यात कोणाचीही दुष्टबुद्धी नाही. तरीही परिणाम असा होतो की जो स्तन वैद्यकीयदृष्ट्या राखता आला असता तो अंतरामुळे जातो, आणि ज्या स्त्रीला पुनर्रचनेची गरजच पडली नसती ती गरजूंच्या रांगेत येऊन उभी राहते, तेही त्या रांगेच्या शेवटी. विषमतेचा आरंभ येथे आहे.

या एका बाबतीत विज्ञानाने ग्रामीण स्त्रीच्या बाजूने मोठे पाऊल टाकले आहे. प्रत्येक वेळची मात्रा थोडी वाढवून शेकांची संख्या पंचवीसवरून पंधरा-सोळावर आणता येते, हे ब्रिटनमधल्या दीर्घकालीन चाचण्यांनी दाखवले, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ या चाचणीने तर प्राथमिक अवस्थेतील रुग्णांना एका आठवड्यात पाच शेक देऊनही पाच वर्षांनंतरचे परिणाम तितकेच चांगले राहतात हे सिद्ध केले. पाच आठवडे आणि पाच दिवस यांतला फरक मुंबईत राहणाऱ्या बाईला सोयीचा वाटेल. सिल्लोड तालुक्यातल्या बाईच्या बाबतीत तो स्तन राहणे आणि जाणे यांतला फरक ठरू शकतो. प्रत्येक रुग्णाला ही छोटी पद्धत लागू पडत नाही, काखेतल्या गाठींपर्यंत आजार गेला असेल तर वेगळा विचार करावा लागतो. पण जिला लागू पडते तिच्यासमोर ती मांडली जाणे आवश्यक आहे.

आता ज्यांचा स्तन काढावाच लागतो त्यांच्याकडे वळावे. पुनर्रचनेचे तत्त्व परदेशातून आलेले नवे तंत्र आहे असे मानण्याचे कारण नाही, कारण त्याची जगाला झालेली सर्वांत प्रसिद्ध ओळख पुण्याजवळ घडलेल्या एका शस्त्रक्रियेतून झाली. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला, आणि मग पुण्याजवळच्या विटा पाडणाऱ्या जातीतील एका वैद्याने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक दिले. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज वैद्यांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिली, तिचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आले आणि ते वाचून युरोपातल्या शल्यचिकित्सकांनी ही पद्धत आत्मसात केली. त्या वैद्याचे कौशल्य एका गोष्टीत होते: कपाळावरून सोडवलेला त्वचेचा तुकडा त्याने पूर्णपणे तोडला नाही, भुवयांच्या मधला त्याचा देठ तसाच ठेवला, त्यामुळे नव्या जागी रुजेपर्यंत त्या त्वचेला जुन्या जागेतून रक्त मिळत राहिले.

स्तनपुनर्रचनेची सर्वांत रुळलेली पद्धत याच देठाच्या तत्त्वावर चालते. पाठीवर, काखेच्या मागून कमरेकडे पसरलेला एक रुंद, पातळ स्नायू असतो. त्यावरच्या त्वचेचा लांबट तुकडा आणि तो स्नायू काखेतल्या रक्तवाहिनीचा देठ राखून सोडवतात, काखेखालून बोगद्यासारख्या वाटेने पुढे छातीवर आणतात आणि तेथे घडी घालून शिवतात. इटलीच्या इजिनियो तान्सिनी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी छाती झाकण्यासाठी हा तुकडा वापरला होता; मधल्या काळात तो मागे पडला आणि १९७० च्या दशकात पुन्हा प्रचारात आला. दुसऱ्या पद्धतीत बेंबीखालच्या पोटाची त्वचा व चरबी पोटाच्या सरळ स्नायूसह वर नेतात. कार्ल हार्टरॅम्प यांनी १९८२ साली ती मांडली. तिच्यात पोटाची भिंत कमकुवत होऊन हर्निया होण्याचा धोका असल्याने पुढे स्नायू जागेवर ठेवून केवळ त्वचा, चरबी आणि त्यांना रक्त देणारी बारीक वाहिनी उचलण्याची पद्धत निघाली. तिच्यात ती वाहिनी तोडून छातीतल्या वाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने जोडावी लागते. शस्त्रक्रिया सहा-आठ तास चालते आणि पुढचे दोन-तीन दिवस नव्या स्तनाचा रंग व ऊब तासातासाला तपासावी लागते, कारण जोडलेली वाहिनी बंद पडली तर काही तासांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. तिसरा मार्ग सिलिकॉनच्या रोपणाचा, जो १९६२ पासून उपलब्ध आहे. त्याची शस्त्रक्रिया तुलनेने लहान असली तरी रोपण स्वतः महाग असते, जन्मभर टिकेलच असे नसते, आणि छातीला किरणोपचार मिळालेले असतील तर त्याच्याभोवतीचे आवरण आवळून ते कठीण व वेदनादायक होण्याची शक्यता वाढते. उशिरा आलेल्या, म्हणून किरणोपचार चुकवता न येणाऱ्या स्त्रीला हा मार्ग बहुतेक वेळा गैरसोयीचा ठरतो.

या पद्धतींची तुलना पुस्तकांत बहुधा दिसण्यावरून केलेली असते. वेचणीला जाणाऱ्या बाईसाठी ती कामावरून करावी लागेल. कापूस वेचणारी स्त्री कमरेला ओटा, म्हणजे कापडाची झोळी, बांधून दिवसभर वाकते, दोन्ही हातांनी बोंडातून कापूस ओढते, आणि संध्याकाळी गाठोडे डोक्यावर घेते. वाळलेल्या बोंडाची टोके सुईसारखी असतात, त्यांनी बोटे व मनगटे रोज ओरखडतात. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत त्या हाताला लसीका, म्हणजे पेशींमधले पाणी परत वाहून नेणारा द्रव, पुरेशी वाहून जात नाही, आणि अशा हाताला साधा ओरखडादेखील जंतुसंसर्गाचे व कायमच्या सुजेचे निमित्त होऊ शकतो. पोटाचा स्नायू उचलला तर वाकण्या-उचलण्याच्या कामावर त्याचा परिणाम होतो. पाठीचा उचलला तर रोजच्या हालचाली बहुतेक पूर्ववत होतात, पण हात उंचावून ओढण्याच्या ताकदीत काही घट जाणवू शकते. अशा स्त्रीला कोणती पद्धत योग्य, हे तिच्या कामाची माहिती घेतल्याशिवाय ठरवता येणार नाही, आणि ती माहिती फक्त तिच्याकडेच असते. तिला ‘मावशी, तुम्ही काय काम करता’ असे विचारून मग सगळे पर्याय समजावणारा डॉक्टर लाभला, तर ती पुनर्रचना नाकारीलही. तो नकार तिचा स्वतःचा असेल.

ज्यांना काहीच सांगितले जात नाही त्या स्त्रिया स्वतःच्या हाताने मार्ग काढतात. जुन्या साडीच्या किंवा धोतराच्या मऊ कापडाची वाटोळी पिशवी शिवून तिच्यात कापूस भरतात आणि ती ब्लाउजच्या आतल्या बाजूला टाके घालून बसवतात. पण कापसाला वजन नसल्याने पिशवी हात वर केला की वर सरकते. मग कोणी तिच्यात मूठभर तांदूळ किंवा मोहरी घालते, त्यामुळे ती जागेवर राहते. उन्हाळ्यात मात्र घामाने भिजते, धुतली की दाणे काढावे लागतात, आणि वाकून काम करताना आधार सुटला तर पदर घट्ट ओढून घेऊन सावरावी लागते. दुकानात मिळणारा सिलिकॉनचा बाह्य कृत्रिम स्तन वजनाने व स्पर्शाने नैसर्गिक असतो, परंतु त्याला खास खिसा असलेली अंतर्वस्त्रे लागतात आणि त्याची किंमत काही हजार रुपयांच्या घरात जाते. अमेरिकेत सुरू झालेल्या आणि भारतातही पोहोचलेल्या ‘निटेड नॉकर्स’ या उपक्रमात स्वयंसेवी स्त्रिया सुती धाग्याचे विणलेले स्तन तयार करून विनामूल्य देतात. मराठवाड्याच्या उन्हात ते सिलिकॉनपेक्षा सुसह्य ठरावेत. शस्त्रक्रिया नको असलेल्या स्त्रीला निदान हे तरी रुग्णालयातून घरी जाताना मिळायला हवे, ड्रेसिंगच्या कापसाबरोबर, टाके काढण्याच्या तारखेबरोबर.

यावर येणारा नेहमीचा आक्षेप असा की ही सौंदर्याची बाब आहे आणि गरिबांच्या पैशातून सौंदर्य पुरवता येणार नाही. हा आक्षेप प्रामाणिक असला तरी महाराष्ट्राच्या स्वतःच्या अनुभवाशी तो जुळत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेले मराठी प्लॅस्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित हे स्वतः गंभीर आजारांनी जर्जर असतानाही अनेक दशके दरवर्षी भारतात येऊन मोफत शिबिरे घेत, आणि २०११ साली त्यांचे निधन झाल्यानंतरही त्यांच्या नावाची शिबिरे महाराष्ट्रात होत राहिली. त्या शिबिरांत दुभंगलेले ओठ, पडलेल्या पापण्या आणि चेहऱ्यावरचे व्रण दुरुस्त होत. गावोगावचे आईबाप मुलांना घेऊन रांगा लावत, दानशूर माणसे खर्च उचलत, आणि याला कोणी चैन म्हटले नाही. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया सरकारी खर्चाने होते. ओठ शिवल्याने मुलाला नीट खाता-बोलता येते हे खरेच, पण चेहऱ्यावरच्या व्रणाने खाण्यात अडथळा येत नाही. तरीही तो बुजवण्यात समाजाला पुण्य दिसते, कारण चेहरा सर्वांना दिसतो आणि मुलीचे लग्न त्यावर अडते. स्तन झाकलेला असतो आणि बाईचे लग्न होऊन गेलेले असते. गरजेची आपली व्याख्या किती अंशी पाहणाऱ्याच्या सोयीने ठरते, हे या दोन उदाहरणांच्या तुलनेतून उघड होते. पाय गमावलेल्या माणसाला जयपूर फूट मिळवून देण्यासाठी शिबिरे भरतात, आणि ते योग्यच आहे. परंतु २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नमूद केलेल्या २१ प्रकारांत स्तन गमावण्याचा समावेश नाही.

विम्याच्या क्षेत्रात मात्र हा वाद नियामकाने केव्हाच मिटवला आहे, आणि ही बाब मध्यमवर्गीय कुटुंबांनाही क्वचितच ठाऊक असते. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ साली आरोग्यविम्यातून वगळावयाच्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी ठरवून दिली; तिच्यात सौंदर्यासाठी केलेली किंवा प्लॅस्टिक शस्त्रक्रिया वगळली असली तरी अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला अपवाद केला आहे, फक्त ती वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित करावे लागते. म्हणजे खासगी विमा असलेल्या स्त्रीच्या बाबतीत स्तनपुनर्रचना सौंदर्याची बाब नाही, हे कागदावर मान्य आहे. हाच निकष सार्वजनिक योजनांत तितक्याच स्पष्ट शब्दांत आणि पुरेशा दराने यायला हवा.

महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली, पुढच्या वर्षी राज्यभर गेलेली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालेली योजना ही गरीब कर्करुग्णांचा मुख्य आधार आहे. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवरच्या कुटुंबांबरोबर मराठवाडा-विदर्भातल्या १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेवरच्या शेतकऱ्यांनाही तिचा लाभ दिला गेला, आणि त्यांत अजिंठ्याचा छत्रपती संभाजीनगर जिल्हाही होता. २०२३ साली ती सर्व कुटुंबांना खुली करून वार्षिक संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. अशा योजनेत प्रत्येक उपचारासाठी रुग्णालयाला ठरावीक रक्कम मिळते, ज्याला ‘पॅकेज’ म्हणतात. स्तन काढण्याचे पॅकेज दीड-दोन तासांच्या शस्त्रक्रियेत संपते. त्याच टेबलावर पुनर्रचना करायची तर आणखी काही तास शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि दुसरा चमू अडकतो, आणि बाहेर त्याच दिवसाच्या यादीतल्या दोन-तीन बायका आपला क्रमांक येण्याची वाट पाहत बसलेल्या असतात. गर्दीच्या शासकीय रुग्णालयातला शल्यचिकित्सक या वेळी जो निर्णय घेतो तो समजण्यासारखा आहे. त्यामुळे यादीत एखाद्या शस्त्रक्रियेचे नाव असणे पुरेसे नसते. तिच्या वेळेचे मोल देणारा दर आणि ती करू शकणारे हातही लागतात. यावर एक उपाय शस्त्रक्रियेच्या शिक्षणातच आहे. ऑन्कोप्लास्टी या शाखेत कर्करोगाची गाठ काढणारा शल्यचिकित्सकच उरलेल्या ऊतींना आकार देणे आणि पाठीचा तुकडा वापरणे शिकतो, त्यामुळे प्रत्येक वेळी वेगळ्या प्लॅस्टिक सर्जनची वाट पाहावी लागत नाही. पुण्यातील प्रशांती कॅन्सर केअर मिशनसारखी संस्था असे प्रशिक्षण देत आली आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील तरुण शल्यचिकित्सकांपर्यंत ते नेणे शक्य आहे.

देशात तमिळनाडूने या बाबतीत धाडस दाखवले. २०१८ च्या सुरुवातीला तेथील सरकारने चेन्नईच्या स्टॅन्ले वैद्यकीय महाविद्यालयात स्तनांच्या शस्त्रक्रियांसाठी मोफत सेवा सुरू केली, आणि जीव वाचवणाऱ्या उपचारांऐवजी यावर पैसा का, अशी टीकाही तिच्यावर झाली. अमेरिकेत १९९८ च्या केंद्रीय कायद्याने स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमा कंपन्यांना पुनर्रचनेचा, दुसऱ्या बाजूचा स्तन जुळवून घेण्याचा आणि कृत्रिम स्तनाचा खर्चही देणे बंधनकारक केले. तरी पुढे अभ्यासकांना असे आढळत राहिले की कृष्णवर्णीय, गरीब आणि शहरापासून दूर राहणाऱ्या स्त्रियांना पुनर्रचना कमीच मिळते. पैशाची अडचण दूर करूनही दरी उरली, कारण अनेकदा त्यांच्याशी कोणी बोलतच नव्हते. म्हणून न्यूयॉर्क राज्याने २०१० साली आणखी एक कायदा केला: स्तन काढण्यापूर्वी रुग्णाला पुनर्रचनेचे पर्याय आणि त्यासाठीचे विमासंरक्षण समजावून सांगणे रुग्णालयांचे कर्तव्य ठरले. इंग्लंडने दुसरा मार्ग धरला आणि राष्ट्रीय पाहणी करून प्रत्येक रुग्णालयाने किती स्त्रियांसमोर हा पर्याय मांडला व कितींनी स्वीकारला याची मोजणी केली. २००८-०९ मध्ये स्तन काढलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के स्त्रियांची पुनर्रचना त्याच वेळी झाली होती, आणि विभागाविभागांतील मोठा फरकही त्यातून पुढे आला.

विचारण्याची वेळ येथे कळीची आहे. पुनर्रचना त्याच शस्त्रक्रियेत करायची ठरली, तर स्तनावरची बरीचशी त्वचा राखता येते आणि नवा स्तन त्या मूळ आवरणात बसतो; आधी ठरले नाही तर ती त्वचा काढून टाकून छाती सपाट शिवली जाते, आणि गेलेली त्वचा परत आणता येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर दिलेली माहिती ही अर्धीच माहिती असते. प्रत्यक्षात निदान आणि शस्त्रक्रिया यांच्यामधले दिवस कागदपत्रांत जातात: आधार, शिधापत्रिका, तपासण्यांचे अहवाल, योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलावरची मंजुरी. या सगळ्यांत एक संभाषण बसवायला फार जागा लागत नाही. ते नवरा किंवा मुलगा समोर बसलेला असताना करून चालत नाही, एवढे मात्र पाहावे लागते, कारण ‘पोरंबाळं झाली, आता काय करायचंय’ हे उत्तर बहुधा तिच्याऐवजी दुसराच कोणी देतो, आणि तिच्या तोंडून आले तरी ते तिला द्यावे लागलेले असते. परिचारिकेने किंवा समुपदेशक स्त्रीने पडद्याआड, तिच्या बोलीत, शक्य तर ज्या स्त्रीची पुनर्रचना झाली आहे तिच्या उपस्थितीत हे बोलणे केले, तर पुष्कळ स्त्रिया ‘नको’ म्हणतील. कोणी शस्त्रक्रियेला घाबरेल, कोणी आधी केमो संपू दे म्हणेल, कोणाला सपाट छातीचे काही वाटणार नाही, आणि यांतले प्रत्येक उत्तर योग्य आहे. केसपेपरवर एक ओळ वाढवली, पर्याय समजावला की नाही आणि रुग्णाने काय ठरवले एवढी, तर वर्षाअखेरीस जिल्ह्याला, आणि राज्याला, प्रथमच या गोष्टीचा हिशेब मिळेल.

ज्यांना तेव्हा विचारले गेले नाही त्यांच्यासाठीही दार बंद झालेले नाही. पुनर्रचना स्तन काढल्यानंतर काही महिन्यांनी, काही वर्षांनी, दहा-पंधरा वर्षांनीही करता येते. तिला विलंबित पुनर्रचना म्हणतात, आणि किरणोपचार झालेल्या छातीवर पाठीचा किंवा पोटाचा तुकडा आणल्याने तेथे ताजा रक्तपुरवठाही येतो. अजिंठा, शिवना, गोळेगाव, फर्दापूर अशा गावांत घाटीतून किंवा मुंबईहून उपचार घेऊन आलेल्या, आजारातून बऱ्या झालेल्या स्त्रिया आहेत, आणि आजार परतला नाही ना हे पाहण्यासाठी त्यांना पहिली काही वर्षे दर तीन-सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा तपासणीला बोलावले जाते. अर्ध्या तिकिटात बसून त्या सकाळच्या एसटीने येतात, डॉक्टर दुसरा स्तन, काख आणि जुना व्रण तपासतात, सगळे ठीक आहे असे सांगतात, आणि पुढची तारीख लिहून देतात. त्या तारखेआधीची दोन मिनिटे अजून मोकळी आहेत.